विमानतळाचे नियम कोण ठरवते?

२०१९ साली जगभरात किती जणांनी विमानप्रवास केला, या साध्या प्रश्नाची दोन उत्तरे छापील अहवालांत सापडतात. विमान कंपन्यांची जागतिक संघटना सांगते साडेचार अब्ज. विमानतळांची जागतिक संघटना सांगते नऊ अब्जांहून अधिक. दोन्ही आकडे खरे आहेत. मुंबईहून नागपूरला गेलेला माणूस विमान कंपनीच्या वहीत एकदाच लागतो, कारण तिने एक जागा विकली. विमानतळांच्या वहीत तोच दोनदा लागतो, मुंबईत चढताना आणि नागपुरात उतरताना. त्याच्यासाठी दोन इमारती उघड्या ठेवाव्या लागल्या, दोन ठिकाणी सामानाचे पट्टे फिरवावे लागले, दोन धावपट्ट्या सज्ज ठेवाव्या लागल्या.

एकाच प्रवाशाकडे पाहण्याच्या या दोन नजरा आणि त्यांच्यातली जुनी ओढाताण हा या पुस्तकाचा विषय आहे. पहिल्या संघटनेचे नाव आयाटा. हे नाव मराठी वाचकाला अगदीच अनोळखी नाही. दादर-ठाण्यातल्या तिकीट एजंटाच्या काचेवर ते असते आणि पुण्या-नाशकात एअरपोर्ट मॅनेजमेंटचे वर्ग चालवणाऱ्यांच्या पाट्यांवरही असते. दुसरी संघटना एअरपोर्ट्स कौन्सिल इंटरनॅशनल, म्हणजे एसीआय. तिचे नाव फारसे कुणी ऐकलेले नसते. मात्र एखाद्या विमानतळाला प्रवासी सेवेचा जागतिक पुरस्कार मिळाल्याची बातमी आपण वाचतो, तेव्हा तो बहुधा हिच्याच पाहणीतून आलेला असतो. या दोघींच्या वर इकाओ आहे. ती व्यापारी संघटना नाही; ती संयुक्त राष्ट्रांच्या परिवारातली, १९३ देशांच्या सरकारांची संस्था आहे. कंपन्या आणि विमानतळ तिथे मतदार नसतात, निरीक्षक म्हणून बसतात. पण त्या निरीक्षकांच्या खुर्चीचे वजन किती, हे पुढच्या पानांत जागोजाग दिसेल.

माझे म्हणणे असे आहे. विमानतळ जितका सरकारच्या कायद्याने चालतो, तितकाच या संघटनांनी आपसात ठरवलेल्या नियमांनीही चालतो. ज्यांनी वेळेत संघटना उभी केली, त्यांच्या सोयीचे नियम झाले. ज्यांना उशीर झाला, त्यांची ते नियम दुरुस्त करून घेण्यात काही दशके गेली. आणि ज्यांची संघटना तिथवर पोहोचलीच नाही, त्यांचे म्हणणे कागदावर आलेलेच नाही.

वेळेत जागे झाले ते विमान कंपन्यावाले. १९१९ मध्ये, पहिले महायुद्ध संपून वर्षही झाले नव्हते, तेव्हा हेग शहरात युरोपातल्या काही कंपन्यांनी आपली पहिली संघटना स्थापन केली. दुसरे महायुद्ध संपत आले असताना, डिसेंबर १९४४ मध्ये, शिकागोला ५२ देशांनी हवाई वाहतुकीच्या करारावर सह्या केल्या. त्यांत भारतही होता. त्या करारातून इकाओ जन्माला आली. सरकारे करारावरची शाई वाळवत होती तोवर, एप्रिल १९४५ मध्ये, ३१ देशांतल्या ५७ विमान कंपन्या क्युबाची राजधानी हवाना इथे जमल्या आणि त्यांनी आजची आयाटा उभी केली. इकाओचे कामकाज रीतसर सुरू व्हायला त्यानंतर दोन वर्षे लागली. आज आयाटाच्या सभासद कंपन्यांची संख्या साडेतीनशेच्या घरात आहे.

सुरुवातीच्या तीन दशकांत आयाटाची ताकद आज कल्पनाही करता येणार नाही इतकी होती. आंतरराष्ट्रीय तिकिटाचे दर तिच्या परिषदांमध्ये ठरत आणि सरकारे त्यांवर शिक्का मारत. दर सारखे म्हटल्यावर स्पर्धा उरली ती खाण्यापिण्याची. तीही संघटनेने बांधून टाकली. १९५८ मध्ये अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांत नवा स्वस्त वर्ग सुरू झाला, तेव्हा त्यात प्रवाशांना साधे सँडविच द्यायचे असा नियम होता. स्कँडिनेव्हियाच्या कंपनीने पावावर मासे, मांस, चीज असे सगळे रचून दिले. अमेरिकी स्पर्धकाने तक्रार केली, प्रकरण आयाटाकडे गेले आणि कंपनीला दंड झाला. सँडविचवर काय ठेवायचे इथपर्यंत पोहोचणारी ही सत्ता कुठल्याही संसदेने दिलेली नव्हती.

त्याच १९५८ साली आयाटाची वार्षिक सभा नवी दिल्लीत भरली आणि जे. आर. डी. टाटा तिचे अध्यक्ष झाले. १९३२ मध्ये कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर उतरलेला माणूस सव्वीस वर्षांनी जगातल्या विमान कंपन्यांच्या सभेचा अध्यक्ष होतो, याचा आपल्याकडे अभिमानाने उल्लेख होतो आणि तो व्हायलाच हवा. मला त्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाला मोठ्या देशांच्या पंक्तीला बसायचे, तर विमाने चांगली उडवणे पुरत नाही. जिथे नियम लिहिले जातात त्या खोलीत हजर राहावे लागते, हे टाटांनी ओळखले होते. भारतीय विमानतळांच्या बाबतीत ही ओळख पटायला फार उशीर झाला.

तो उशीर एकट्या भारताचा नव्हता. विमानतळ ही जागाच मुळी कुणाचा स्वतंत्र धंदा मानली जात नव्हती. कुठे ती नगरपालिकेची होती, कुठे लष्कराची, बहुतेक ठिकाणी सरकारी खात्याची. खात्यातला अधिकारी आपल्या मंत्रालयाकडे बघणार. दुसऱ्या देशातल्या विमानतळाशी त्याचे काय काम? विमान कंपनी मात्र पहिल्या दिवसापासून परदेशात जात होती, तिला परक्यांशी जुळवून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यामुळे विमानतळांच्या संघटना तुकड्यातुकड्यांनी झाल्या: चाळीशीच्या अखेरीस अमेरिकेत, मग पश्चिम युरोपात, १९६२ मध्ये पॅरिसमध्ये आणखी एक. इकाओच्या बैठकीत विमानतळांच्या वतीने बोलायचे कुणी, यावरच एकमत नसे.

त्यांना एकत्र आणायला जम्बो जेट यावे लागले. जानेवारी १९७० मध्ये बोइंग ७४७ प्रवासी सेवेत उतरले. एका विमानातून साडेतीनशे-चारशे माणसे एकदम बाहेर पडू लागली. पट्टे लहान पडले, जिने बुटके ठरले, विमान वळवायला जागा अपुरी झाली, आणि हा सगळा खर्च ज्यांनी विमान विकत घेतले त्यांच्यावर न पडता ज्यांच्या जमिनीवर ते उतरणार होते त्यांच्यावर पडला. एअर इंडियाचे पहिले ७४७, ‘एम्परर अशोक’, १९७१ मध्ये मुंबईत आले तेव्हा सांताक्रूझलाही याच अडचणींना तोंड द्यावे लागले. १९७० मध्येच तिन्ही संघटनांनी मिळून एक समन्वय समिती नेमली. १९९१ मध्ये तिचे रूपांतर एसीआयमध्ये झाले. कार्यालय आधी जिनिव्हात होते, पुढे मॉन्ट्रियलला, म्हणजे इकाओच्या शेजारी, हलले. आयाटाचे मुख्यालयही मॉन्ट्रियललाच. तिघींचे पत्ते एकाच गावातले असणे हा योगायोग नाही.

संघटना म्हणजे नुसती वकिली, असा समज होऊ नये म्हणून त्यांच्या कामाचा एक नमुना अगदी जवळून दाखवतो.

चेक-इनच्या काउंटरवर बॅगेच्या मुठीला जी लांब चिकटपट्टी लावली जाते, ती कधी नीट पाहा. मोठ्या ठळक अक्षरांत विमानतळाचा तीन अक्षरी संकेत: मुंबईसाठी बीओएम, पुण्यासाठी पीएनक्यू, नागपूरसाठी एनएजी, दाबोळीसाठी जीओआय, मोपासाठी जीओएक्स. ही अक्षरे आयाटा देते. खाली बारकोड आणि त्याखाली दहा आकडे. पहिला आकडा टॅगचा प्रकार सांगतो, पुढचे तीन कंपनीची ओळख: एअर इंडिया असेल तर ०९८, इंडिगो असेल तर ३१२. उरलेले सहा त्या बॅगेचा स्वतःचा क्रमांक. हे दहा आकडे मुंबईत, दोहात, लंडनमध्ये, टोरांटोत एकाच रीतीने वाचले जातात. सातारचे आजी-आजोबा मुलाकडे कॅनडात निघाले, वाटेत विमान बदलले, मधल्या विमानतळावरच्या कामगाराला मराठी येत नाही, हिंदी येत नाही, बॅगेत लोणच्याच्या बरण्या आहेत की पुस्तके हेही ठाऊक नाही. तरी बॅग पोहोचते. जून २०१८ पासून आयाटाच्या ठरावाने कंपन्यांवर आणखी एक बंधन आले: बॅग चार टप्प्यांवर नोंदलीच पाहिजे. प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात देताना आणि प्रवाशाला परत करताना. हरवली तर कुणाच्या हातून हरवली, हे त्यामुळे सांगता येते.

पण त्या बॅगेचे बारकोड वाचणारी यंत्रे, ती फिरवणारे पट्टे, खाली तळघरातली छाननीची जागा हे सगळे बहुतेक ठिकाणी विमानतळाचे असते. ठराव कंपन्यांचा आणि भिंतीत भोके पाडायची विमानतळाने. म्हणून अशा प्रत्येक ठरावामागे दोन संघटनांची दीर्घ बोलणी असतात. काउंटरचेही तसेच. पूर्वी प्रत्येक कंपनीचा संगणक वेगळा, म्हणून काउंटरही कायमचे तिचेच. विमान नसेल तेव्हा ते रिकामे पडून राही. १९८४ च्या ऑलिंपिकच्या वेळी लॉस एंजेलिसला एकाच काउंटरवर कुठल्याही कंपनीचे काम चालेल अशी व्यवस्था पहिल्यांदा झाली. पुढे आयाटा आणि एसीआयने मिळून तिचे प्रमाण ठरवले. मुंबईत सकाळी एका कंपनीच्या नावाने चालणारे काउंटर रात्री दुसरीच्या नावाने चालते, ते यामुळे. जागेला सोन्याचा भाव असलेल्या शहरात या एका गोष्टीने किती बांधकाम वाचले असेल, याचा अंदाज कुणीही करू शकेल.

सुरक्षिततेचा प्रांत मला याहून मोलाचा वाटतो. पाऊस पडत असताना धावपट्टी ‘ओली आहे’ असे पूर्वी सांगितले जाई. किती ओली, हे ज्याच्या त्याच्या भाषेत. नोव्हेंबर २०२१ पासून इकाओने जगभर एकच पद्धत लागू केली. धावपट्टीचे लांबीने तीन भाग करायचे आणि प्रत्येक भागाला शून्य ते सहा यांतला आकडा द्यायचा. कोरडी असेल तर सहा. ओली, पण पाण्याची जाडी तीन मिलिमीटरपर्यंत, तर पाच. पाणी तीन मिलिमीटरच्या वर साचले की आकडा थेट दोनवर येतो. वैमानिक हे तीन आकडे ऐकतो आणि आपले विमान किती अंतरात थांबेल याचा हिशेब बदलतो. जुलैच्या सरीत मुंबईत हा आकडा मिनिटामिनिटाला बदलू शकतो. तो ठरवायला जीपमधून धावपट्टीवर जाणारा माणूस प्रशिक्षित लागतो, आणि जगातल्या हजारो विमानतळांवरच्या अशा माणसांना शिकवण्याचे काम इकाओ एकटी करू शकत नव्हती. ते अभ्यासक्रम एसीआयने उचलले. सरकारी नियम आणि प्रत्यक्ष पावसात उभा असलेला माणूस यांच्यामधले अंतर अशा संघटनाच भरून काढतात.

एसीआयचा आणखी एक उपक्रम मला फार आवडतो. एखादा विमानतळ स्वतःहून बोलावतो आणि इतर विमानतळांवरच्या अनुभवी लोकांचे पथक येऊन काही दिवस राहते. ते धावपट्टीच्या कडा तपासतात, खुणांचे रंग पाहतात, गाड्या विमानांच्या वाटेत कुठून येतात ते पाहतात, रात्रपाळीच्या माणसांशी बोलतात. अहवाल यजमानाला मिळतो; शिक्षा कुणालाच होत नाही. सरकारी निरीक्षकापुढे जो दोष लपवला जातो, तो समव्यवसायी पाहुण्यापुढे कबूल केला जातो. छोट्या, गरीब देशांतल्या विमानतळांना हा आधार विशेष आहे, कारण त्यांना महागडे सल्लागार परवडत नाहीत. व्यापारी संघटनेचे हे रूप आपल्याकडे क्वचितच कुणी लिहून ठेवते, म्हणून मी इथे त्यावर थांबलो.

आता ओढाताणीकडे येतो. तिचे सगळ्यांत मोठे मैदान म्हणजे स्लॉट, म्हणजे विमानाला उतरण्या-उडण्यासाठी ठरवून दिलेली वेळ.

मुंबईच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. तरीही डिसेंबर २०१८ मध्ये एका दिवसात इथून हजारावर विमानांची ये-जा झाली. अशा ठिकाणी सकाळी आठची वेळ ही जमिनीच्या तुकड्यापेक्षा महाग असते. ती कुणाला मिळणार, हे जिथून ठरते ते नियम आयाटाच्या पुस्तकातले होते. जगभरच्या कंपन्या वर्षातून दोनदा एका मोठ्या सभागृहात जमतात आणि पुढच्या मोसमाच्या वेळा जुळवतात. मूळ तत्त्व असे: ज्या कंपनीने गेल्या मोसमात आपली वेळ किमान ८० टक्के वापरली, तिला पुढच्या मोसमात तीच वेळ पुन्हा मिळते. दर सोमवारची फेरी असेल आणि मोसमात ३० सोमवार असतील, तर किमान २४ वेळा विमान उडाले पाहिजे. मोकळ्या झालेल्या वेळांपैकी निम्म्या नव्याने येणाऱ्यांसाठी.

नियमात तथ्य आहे. आज मुंबईहून निघालेल्या विमानाला लंडनमध्येही उतरायची वेळ हवी. दोन्ही टोके जुळली नाहीत तर फेरीच होत नाही. दर सहा महिन्यांनी सगळे नव्याने वाटायचे म्हटले तर एकही वेळापत्रक टिकणार नाही. पण याच नियमामुळे जो आधी आला तो कायमचा बसला. विमानतळ बांधायचा एकाने, त्याच्या धावपट्टीची वेळ वाटायची दुसऱ्यांच्या संघटनेच्या पुस्तकाप्रमाणे, ही तक्रार विमानतळ वर्षानुवर्षे करत होते. २०२० मध्ये पहिल्यांदा ते पुस्तक आयाटा, एसीआय आणि स्लॉट वाटणाऱ्या समन्वयकांचा गट अशा तिघांच्या नावाने निघाले. समन्वय समिती नेमल्यापासून अर्धे शतक उलटले होते.

महाराष्ट्राने याचा चटका सोसलेला आहे. कोल्हापूर, जळगाव, नाशिक इथून मुंबईला छोटी विमाने सुरू करायची घोषणा होई, लोक वाट पाहत, आणि गाडे अडे ते मुंबईतल्या वेळेवर. सोयीची वेळ नसेल तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्या व्यापाऱ्याला त्या फेरीचा काय उपयोग? भारतात स्लॉट वाटण्याची मार्गदर्शक तत्त्वे सरकारची आहेत, पण त्यांचा पाया याच जागतिक नियमांचा आहे. दीडशे-दोनशे प्रवाशांच्या जुन्या फेरीसमोर सत्तर जणांची नवी फेरी टिकत नाही. आता नवी मुंबईचा विमानतळ आला आहे. तिथल्या वेळा कुणाच्या नावावर ‘जुन्या’ म्हणून चढतात, हे पहिल्या दोन-तीन मोसमांत ठरून जाईल आणि मग पुढची वीस वर्षे ते बदलणे कठीण होईल. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या व्यापारी मंडळांनी आणि आमदारांनी आत्ता बोलायला हवे.

दुसरे मैदान पैशाचे. विमानतळाला दोन प्रकारचे उत्पन्न असते: विमाने उतरवण्याचे, उभी करण्याचे, प्रवाशांकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्काचे एक, आणि दुकाने, पार्किंग, जाहिराती, हॉटेलच्या जमिनी यांचे दुसरे. शहरातल्या अनेक सहकारी गृहसंस्थांमध्ये जो वाद असतो तोच इथे आहे: तळमजल्यावरच्या दुकानांचे भाडे आले, तर ते सभासदांच्या मेंटेनन्समधून वजा करायचे की वेगळे ठेवायचे? आयाटा म्हणते, गल्ला एकच असावा. दुकाने चालतात ती आमच्या विमानांनी आणलेल्या माणसांवर, म्हणून त्या कमाईने आमचे शुल्क कमी करा. विमानतळांची बाजू म्हणते, गल्ले वेगळे ठेवण्याची मोकळीक हवी. दुकानांचा नफा आमच्या हाती राहिला नाही तर पुढची इमारत बांधायला पैसा कोण लावील? इकाओने यात एका बाजूने निकाल दिलेला नाही. शुल्क भेदभावाने लावू नये, खर्चाला धरून असावे, हिशेब उघडा असावा आणि वापरणाऱ्यांशी आधी बोलावे, एवढी चार तत्त्वे तिने सांगितली.

भारतात हा वाद घराघरांत पोहोचायला हवा होता, कारण त्याची किंमत तिकिटात आहे. २००६ मध्ये मुंबई आणि दिल्लीचे विमानतळ खासगी भागीदारांकडे गेले. मुंबईच्या उत्पन्नातला ३८.७ टक्के वाटा विमानतळ प्राधिकरणाला देण्याचे ठरले. २००८ च्या कायद्याने शुल्क ठरवण्यासाठी ‘एरा’ हे नियामक प्राधिकरण झाले. २०१६ च्या नागरी हवाई धोरणाने मधला मार्ग काढला: दुकाने वगैरेंच्या उत्पन्नातले ३० टक्के शुल्क कमी करण्याकडे वळवायचे, बाकीचे विमानतळाचे. तिकिटावर ‘यूडीएफ’, म्हणजे वापरकर्ता विकास शुल्क, म्हणून जी ओळ असते, तिच्यातला आकडा या ३० टक्क्यांवर हलतो. माझे मत विचाराल तर मधला मार्ग मान्य करायला हरकत नाही, पण ३० च का, ४० का नाही, याची उघड चर्चा मराठीत मी कुठे वाचलेली नाही. दोन्ही संघटनांच्या अभ्यासकांनी आपापल्या बाजूने पानेच्या पाने लिहिली आहेत. तिसऱ्या, म्हणजे प्रवाशाच्या, बाजूने लिहिणारे कुणी नाही.

करोनाने काही काळ ही भांडणे थांबवली. २०२० मध्ये विमानतळांवरचे प्रवासी एका वर्षात ६४.६ टक्क्यांनी घटले. नियम पाळायचा म्हणून काही ठिकाणी रिकामी विमाने उडवायची पाळी आली, तेव्हा ८० टक्क्यांची अट शिथिल करावी यावर कंपन्या आणि विमानतळ एकत्र आले. सरकारांपुढे मदत मागायलाही दोन्ही संघटना बरोबर गेल्या. वाहतूक परत आली आणि वादही परत आले.

हवामानाच्या प्रश्नावर एसीआय मागे राहिली नाही, हे मान्य केले पाहिजे. विमानतळांचे कार्बन उत्सर्जन मोजून त्यांना पायऱ्यापायऱ्यांनी मान्यता देणारी योजना युरोपात २००९ मध्ये सुरू झाली, नंतर आशियात आली. २०१६ मध्ये दिल्लीच्या विमानतळाने त्यातली कार्बन-तटस्थतेची पायरी गाठली. २०२१ मध्ये आधी एसीआयने आणि नंतर आयाटाने २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे ध्येय जाहीर केले, २०२२ मध्ये इकाओने. तरीही वाचकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खालच्या पायऱ्यांवर मोजले जाते ते मुख्यतः विमानतळाच्या ताब्यातले: दिवे, वातानुकूलन, गाड्या. आकाशात जळणारे इंधन त्यात येत नाही. विमानतळ ‘कार्बन-तटस्थ’ झाला म्हणजे तिथून उडणे निर्दोष झाले, असा अर्थ जाहिरातीत सुचवला जातो तो चुकीचा आहे, आणि संघटनांनी तो स्वतःहून खोडून काढायला हवा.

आणि आता ज्यांचा आवाज तिथे नाही त्यांच्याबद्दल.

प्रवाशाला विचारले जाते, पण मर्यादित. एसीआयच्या सेवा-पाहणीत गेटपाशी बसलेल्या माणसाला प्रश्नावली देतात: रांग किती वेळ, स्वच्छतागृह कसे, कर्मचारी कसे वागले. त्याच्या उत्तरांतून पुरस्कार मिळतात आणि विमानतळ खरोखर सुधारतातही. पण शुल्क किती असावे, हे त्या प्रश्नावलीवरून ठरत नाही. विमानांच्या वाटेखाली राहणाऱ्या कुर्ल्याच्या, अंधेरीच्या माणसाला तर कुणीच प्रश्नावली देत नाही. रात्री किती विमाने उतरावीत, हा त्याच्या झोपेचा प्रश्न आहे. नवी मुंबईच्या विमानतळासाठी दहा गावे उठली. शेती, खाडीतली मासेमारी, गावदेवीची देवळे सोडून लोक हलले. त्यांनी मोर्चे काढले, आपले नेते दि. बा. पाटील यांचे नाव विमानतळाला मिळावे म्हणून वर्षानुवर्षे लढा दिला. नाव ही मोठी गोष्ट आहे. पण विस्तार, आवाज, नोकऱ्या, शुल्क हे पुढचे निर्णय ज्या कागदांवर होतील, त्यांवर त्या गावांचा कुणी सही करणारा नाही. विमानाच्या पोटात वाकून बॅगा रचणारा लोडर, ज्याच्या पाठीवर सगळी बॅग-व्यवस्था उभी आहे, त्याची नेमणूक बहुतेकदा कंत्राटदाराची कंत्राटदारामार्फत. जागतिक कामगार महासंघ आहेत, पण नियम लिहिणाऱ्या बैठकीत त्यांचे वजन कंपन्या आणि विमानतळांच्या तुलनेत फारच थोडे.

यावर उपाय संघटना मोडण्याचा नाही. त्या नसत्या तर बॅग पोहोचली नसती आणि ओल्या धावपट्टीचा आकडा वैमानिकाला कळला नसता. उपाय आणखी लोकांनी संघटित होण्याचा आहे, आणि त्यासाठी दार बंद नाही. प्रत्येक मोठ्या विमानतळाचे शुल्क पाच वर्षांसाठी ठरवण्याआधी एरा सल्लामसलतीचा मसुदा जाहीर करते, सूचना मागवते, बैठक बोलावते. तिथे आयाटाचे लोक येतात, भारतीय विमान कंपन्यांचा महासंघ येतो, खासगी विमानतळ चालकांची संघटना येते. मुंबई ग्राहक पंचायतीसारखी जुनी, अभ्यासू संस्था तिथे दर वेळी तयारीनिशी बसली पाहिजे. मसुदा इंग्रजीत असतो, आकडेमोडीने भरलेला आणि जाडजूड. तो वाचायला एक सनदी लेखापाल, एक वकील आणि एक निवृत्त विमानतळ अधिकारी पुरेत; असे लोक पार्ल्यात, पनवेलमध्ये, पुण्यात भरपूर आहेत. मसुदा आला की सूचना देण्यासाठी ठरावीक मुदत असते, आणि पाच वर्षांचा काळ संपायच्या कितीतरी आधी त्या मसुद्याची तयारी कार्यालयांत सुरू झालेली असते.